शेवटच्या चकतीवरचा निळा रंग

मित्रांनो, मी श्वासातली हवा तपासणारी एक जुनी पेटी आहे. काच आणि स्टीलची, तुमच्या घरातल्या फ्रिजएवढी. वसई पूर्वेच्या एका प्रयोगशाळेत मी राहते. हवेतून माणसाच्या छातीत काय जातं आणि आत जाऊन काय करतं, हे शोधणं माझं काम.

मला घडवलं मार्सेल अंकलनी, वसईतल्या त्यांच्या वर्कशॉपात. पुढची काही वर्षं काय रुबाब होता माझा! उदबत्तीचा धूर, रंगाचे फवारे, सिमेंटची धूळ, सगळं माझ्या पोटात तपासलं गेलं. पांढरे उंदीरही बसले माझ्यात. त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटतं. मग परदेशी यंत्र आलं आणि मी ताडपत्रीखाली गेले. दाराची रबरं वाळून तडकली.

मला बाहेर काढलं क्षितिजाने. ती जवळच्या निर्मळ गावातल्या बागायतदाराची मुलगी, आमच्याकडची नवी संशोधक. तिचे वडील नरहरी आणि शेजाऱ्यांनी मिळून मोगऱ्यावर कीडनाशकाचं धुकं सोडणारं फवारणी यंत्र घेतलं होतं. पहिल्याच फवारणीनंतर नरहरींना खोकला जडला. तरी रविवारी आळीतल्या सगळ्या बागा फवारायच्या होत्या. औषध तर जुनंच, हातपंपाने इतकी वर्षं मारलं तेव्हा काही झालं नाही, असं ते म्हणत. क्षितिजाला चैन पडेना. परदेशी यंत्र दुसऱ्या कामात अडकलेलं. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, जुनी पेटी चालत असेल तर घे.

तिने बोलावताच मार्सेल अंकल म्हातारपणीही धावत आले. नवी रबरं बसवली, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं आणि आत हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही.

"गळत नाय," ते म्हणाले, आणि मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी नरहरी स्वतः बघायला आले. क्षितिजाने औषधात निळा रंग मिसळला. माझ्या पोटात एकाखाली एक चकत्या होत्या. मोठे थेंब वरच्या चकत्यांवर अडकतात, बारीक थेंब खाली उतरतात, अगदी आपल्या नाकापासून फुप्फुसापर्यंत व्हावं तसं. आधी हातपंपाचा फवारा सोडला. निळा रंग वरच राहिला. मग धुकं सोडलं. माझी काच पांढरी झाली. सगळे श्वास रोखून उभे!

धुकं ओसरल्यावर क्षितिजाने चकत्या काढल्या. शेवटची चकती निळीशार होती.

"ही आपल्या छातीत कुठे येते?" नरहरींनी विचारलं.

"अगदी तळाशी, बाबा. जिथून हवा रक्तात जाते तिथे."

मग तिने त्यांना सूक्ष्मदर्शकाशी नेलं. आदल्या दिवशी तेच धुकं तिने प्रयोगशाळेत पातळ पडद्यावर वाढवलेल्या, माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर सोडलं होतं. स्वच्छ हवेतल्या पेशी टवटवीत होत्या, धुक्यातल्या बहुतेक मेलेल्या. औषध तेच होतं, फक्त थेंब बारीक झाला होता.

नरहरी बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"उद्या यंत्र चालू करू नका," ते शेजाऱ्याला म्हणाले. "मी येतो, समोर बसून सांगतो."

मित्रांनो, जुन्या यंत्रांची रबरं वेळेवर बदला, त्यांना ताडपत्रीखाली विसरू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी फवारायला निघालं, तर आधी त्याच्या नाकातोंडावर बारीक थेंबही अडवणारा मास्क बांधा. एवढं माझ्यासाठी करा.