निशाणाच्या रेषेत

मी पैनगंगेवरचा एक डोंगा. यवतमाळच्या बाजूच्या काठावर, करंजाच्या झाडाजवळ सध्या पालथा पडलो आहे. माझ्याविषयी गावात एक वाक्य ठरून गेले आहे: "डोंगा कुजला होता." हे वाक्य खोटे आहे, आणि माझ्या तळाला पडलेले भोक जवळून पाहणाऱ्या कोणालाही ते कळेल. परंतु येत्या होळीत मला जाळायचे ठरले आहे. त्यानंतर पाहण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून आज बोलतो.

माझा जन्म सागवानाचा. माझा नावाडी उकंडा, त्याच्या वडिलांनी झाडाची निवड स्वतः केली आणि सुताराच्या शेजारी बसून फळ्या जोडून घेतल्या. दरवर्षी उन्हाळ्यात नदी आटली की मला काठावर ओढत, सांध्यांत सुतळी ठोकत आणि तळाला डांबर लावत. वडिलांनंतर हे काम उकंडाने एकदाही चुकवले नाही. ज्याची एवढी निगा राखली गेली तो कुजला असे म्हणणे हा माझा अपमान आहेच. पण त्याहून अधिक तो उकंडाच्या हातांचा आहे. हे वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारले, याचे मला अधिक वाईट वाटते.

आमच्या घाटासमोर पात्रात काळ्या खडकांची एक रांग आहे. उन्हाळ्यात ते खडक पाण्यात बसलेल्या जनावरांसारखे दिसतात, म्हणून गाव त्यांना 'म्हशी' म्हणते. पावसाळ्यात म्हशी बुडतात. पूर ओसरू लागला की त्या पाण्याच्या अगदी खाली असतात, दिसत मात्र नाहीत. डोंग्याला खरा धोका त्याच दिवसांत.

तो टाळण्याची युक्ती साधी होती. पैलतीरावरून गावाकडे निघताना उकंडा दोन गोष्टी पाहायचा: काठावरचा करंज, आणि त्याच्या मागे टेकाडावर महादेवाच्या देवळाचे निशाण. निशाण नेमके करंजाच्या शेंड्यावर धरून सरळ आले, की म्हशी उजव्या हाताला दूर राहत. या रेषेने येताना माझा तळ कधीही खडकाला लागला नाही.

मग गावाने देवळाचा जीर्णोद्धार काढला. समितीचे अध्यक्ष नंदकिशोरभाऊ तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, माणूस तळमळीचा. जुने देऊळ बुटके होते. नवा गाभारा थोडा पश्चिमेकडे, म्हणजे नदी येते त्या बाजूला, सरकवून बांधला आणि वर उंच शिखर उभे केले. काम संपत आले तेव्हा याच करंजाखाली बैठक झाली, म्हणून ती मी ऐकली.

"निशाण नव्या शिखरावर हलवायचं. कोणाची हरकत?" नंदकिशोरभाऊंनी विचारले.

"हरकत कायची भाऊ? हलवा ना," पहिला आवाज उकंडाचा होता.

एकाच शब्दाचे दोन अर्थ त्या दिवशी शेजारी शेजारी बसले होते. गावाला निशाण म्हणजे देवाचा झेंडा. उकंडाला एरवी निशाण म्हणजे वाटेची खूण. पण देवाच्या कामासाठी जमलेल्या मंडळींत बसल्यावर त्यालाही फक्त झेंडाच ऐकू आला. झेंड्याची नवी लोखंडी काठी पैलतीरावरून माझ्यातूनच आणली गेली. शिखरावर ती ओल्या सिमेंटात धरून उभा राहिला तोही उकंडाच. ते दिवस शिवरात्रीचे होते. पाणी उतरलेले, म्हशी उघड्या. डोळ्यांना खडक दिसत असताना खुणेकडे कोण पाहणार? पुढे उन्हाळा आला, मी काठावर चढलो, मग पूर आला. पावसाळा सरत येईपर्यंत ती चूक निवांत उभी राहिली आणि येणारे-जाणारे तिला नमस्कार करीत राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पैलतीरावरचा बाजार उरकून माणसे परत निघाली. पुरानंतरची ती माझी पहिली भरलेली खेप. बैलांच्या झुली होत्या, रंगाच्या पुड्या होत्या, आणि नेहमीच्या जागी, अगदी टोकाला, फुटाणे-मुरमुरे विकणारी बेबीताई रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती.

"उकंडाभाऊ, तुमच्या म्हशी दिसून नाही राह्यल्या. चरायले गेल्या का?"

"हायत तिथंच. तू हलू नको म्हंजे झालं."

"मी कायची हलतो? टोपली हलते, भाऊ. रिकामी हाय."

लोक हसले. मध्यावर आल्यावर उकंडाने वल्हे क्षणभर थांबवले. "पाणी वेगळंच लागून राह्यलं," तो पुटपुटला. मलाही ते लागत होते. खालून वर उसळणारे, अस्वस्थ पाणी. त्याने मान वर केली. नवे निशाण लांबून झळकत होते, नेमके करंजाच्या शेंड्यावर. हाताला जे कळले होते ते त्याने त्या निशाणावर सोपवून दिले आणि वल्हे पुन्हा मारले.

निशाण पश्चिमेला सरकले होते, म्हणून ते शेंड्यावर दिसण्यासाठी आम्ही पूर्वेला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला आलो होतो. थेट म्हशींवर.

खडक माझ्या तळाच्या उजव्या फळीत शिरला. मी खडकावर अडकलो, कललो, आणि उजवीकडून पाणी आत आले. बाकीच्यांनी माझे काठ धरले. पैलतीरावरच्या मासेमारांनी त्यांना काढून घेतले. टोकाला बसलेली बेबीताई पहिल्याच धक्क्याला पडली होती. तिची टोपली थोडा वेळ तरंगताना दिसली. बेबीताई दिसली नाही. दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, खालच्या डोहाजवळ सापडली. त्या वर्षी गावात बैल सजले नाहीत.

मला दोर लावून काठावर ओढले तेव्हा उकंडा बराच वेळ पैलतीराकडे पाहत राहिला, मग करंजाकडे, मग देवळाकडे वळला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला सर्व कळले होते.

"भाऊ, निशाण चुकलं," तो नंदकिशोरभाऊंना म्हणाला.

"म्हणजे?"

"हललं ना ते. म्या त्याच्यावर धरून आणला डोंगा."

नंदकिशोरभाऊ माझ्याच काठावर बसले. त्यांचे डोळे रडून सुजले होते. बेबीताई त्यांच्या ओट्यावर रोज टोपली टेकवायची. ते हळू आवाजात म्हणाले, "उकंडा, गावानं पोटाला चिमटा घेऊन देऊळ बांधलं. त्याच्या झेंड्यानं बाई मारली, असं सांगशील? लोक तुला सोडतील का? काठी तूच धरली होती."

"मंग काय सांगू?"

त्यांनी माझ्या फळीवर हात ठेवला. "डोंगा जुना आहे."

इतक्या सोप्या रीतीने ते ठरले. तालुक्याहून चौकशीला साहेब आले. त्यांनी विचारले, उकंडाने उत्तर दिले, आणि जमलेल्यांनी माना हलवल्या. साहेबांनी भोकाकडे वाकून पाहिले नाही. पाहिले असते, तर फुटलेल्या कडा पिवळ्या, घट्ट आणि धारदार दिसल्या असत्या. कुजलेले लाकूड असे फुटत नाही. त्याचा भुगा होतो.

माणसांविषयीचे एक निरीक्षण मी नोंदवू इच्छितो. त्यांना दोष हवा असतो, पण तो बोलू न शकणाऱ्याकडे असला तर अधिक बरे वाटते. मी हा दोष घेतलाही असता. त्याने बेबीताई परत येणार नव्हती, पण निदान उकंडा सुखाने जेवला असता. तो जेवत नाही. त्याची बायको मथुराबाई परवा माझ्याजवळ गोवऱ्या थापत होती, तेव्हा तिने त्याला विचारलेच.

"एकडाव सांगून टाका ना. असे किती दिवस मुके राह्यसान?"

"कोणाले सांगू व? सांगतलं तं देऊळ खोटं, नाही सांगतलं तं डोंगा खोटा."

"अन् पुढच्या पावसाळ्यात?"

तो उठला आणि घाटाकडे निघाला.

मथुराबाईचा प्रश्नच माझ्या बोलण्याचे कारण आहे. घाटावर आता इंजिनाची नवी पांढरी बोट आली आहे. ती गावातलाच रवी चालवतो. उकंडाला तो काका म्हणतो. सध्या पाणी उतरलेले आहे, म्हशी उघड्या आहेत, त्यामुळे सगळे निर्धास्त आहेत. काल उकंडा मोठ्या धीराने त्याच्याजवळ गेला.

"रवी, पाणी चढलं का निशाण करंजाच्या डाव्या अंगाले दिसू देजो. शेंड्यावर नको धरू."

"काहून काका? तुम्ही तं जनमभर शेंड्यावरच धरत होते."

"नव्या बोटीले तसंच लागते."

रवी हसला. "बोट नवी हाय, काका. करंज तं जुनाच हाय ना?"

तो सत्यापासून एका प्रश्नाच्या अंतरावर होता. देवळाविषयी त्याने विचारले असते, तर कदाचित उकंडा बोललाही असता. उकंडाने देवळाकडे पाहिले, ओठ उघडले, आणि म्हणाला, "तंबाखू हाय का?"

रवीने पुडी पुढे केली. गोष्ट तिथेच संपली. सूचना मिळाली, कारण मिळाले नाही. आणि आकाश भरून आलेले असताना, बोटीत माणसे घाई करीत असताना, कारण माहीत नसलेली सूचना माणूस पहिल्यांदा विसरतो.

आज पोरे माझ्या फळ्या ठोकून पाहत होती. "चांगला जळंन," एक जण म्हणाला. खरे आहे. सुके, निरोगी सागवान चांगलेच जळते. त्या रात्री माझ्याभोवती बोंब मारणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी प्रश्न पडावा, की कुजलेला डोंगा इतक्या उंच ज्वाळेने कसा पेटला. पण तोवर भोक, कडा आणि साक्ष, सर्व राख झालेले असेल.

म्हणून ही विनंती तुम्हाला. पावसाळ्यात कधी पैलतीरावरून आमच्या गावाकडे यायला निघालात, तर निशाणाला हात जोडा. त्याच्या रेषेत येऊ नका. आणि रवीने का म्हणून विचारले, तर त्याला कारण सांगा.