झेंडूखालची ओळ

मी तिरपा फॉन्ट बोलतोय. नटणं माझ्या रक्तातच आहे, रागावू नका! अंगाने पुढे झुकलेला, कुठे जाड तर कुठे केसासारखा बारीक, टोकांना इवलेसे पाय आणि उकाराला ऐटीत वळलेली शेपटी. माझ्या जन्मदात्याने आधी बोरूने मला कागदावर गिरवलं, मग कॉम्प्युटरमध्ये बसवलं.

विरारला, फुलपाड्यातल्या रेवाच्या डिझाइनच्या दुकानात मी नांदतो. लग्नपत्रिका, बारसं, पार्लरची पाटी, अत्तराची बाटली, सगळीकडे मान माझाच. माणसांची एक खोड मात्र मी हेरली आहे. मला बघतात, "काय सुंदर!" म्हणतात आणि पुढे जातात. वाचत कुणी नाही. पत्रिकेत ते खपून जातं.

गेल्या महिन्यात जवळच्या सोसायटीचे चेअरमन प्रल्हादकाका आले. लेकीची, उन्नतीची पत्रिका त्यांनी माझ्यातच छापून घेतली. जाता जाता म्हणाले, "अगं रेवा, गच्चीच्या दाराला एक पाटी पण करून दे. पाण्याच्या टाकीच्या खांबांना तडे गेलेत. खाली कुणी थांबू नका, असं इंजिनिअर सांगून गेलाय."

"मग जाड, उभी, लाल अक्षरं घेऊ, काका. लांबूनच धडकी भरली पाहिजे."

"छे गं! घरात कार्य आहे, पाहुण्यांपुढे लाल पाटी म्हणजे अपशकुन. पत्रिकेचीच अक्षरं घाल, मॅचिंग होईल."

"पण काका, मग तो धोका वाटणारच नाही कुणाला."

"लिहिलेलं असलं म्हणजे झालं ना!"

गिऱ्हाइकापुढे रेवा तरी किती बोलणार? तिने पाटीही माझ्यातच छापली.

आज गच्चीवर उन्नतीची हळद आहे. मी गच्चीच्या दारावर लटकतोय. काका खाली केटरिंगवाल्याशी हुज्जत घालताहेत. पाटी लावली, आपलं काम झालं, अशा समजुतीत. कार्याला पाणी कमी पडू नये म्हणून सकाळीच टँकर मागवून टाकी काठोकाठ भरली आहे. मांडववाला आला, "वेलकमची पाटी एकदम मस्त!" म्हणाला आणि झेंडूची माळ माझ्यावर चढवून गेला. 'टाकीखाली थांबू नये' ही ओळ नेमकी तिच्याखाली गेली. ऊन रणरणतंय, त्यामुळे पाट कुठे मांडला? टाकीच्या सावलीत! चांदीपहून आलेल्या सरलामावशींनी तर माझ्याशेजारी उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतला.

उन्नती पाटावर बसली आहे, हसतेय. मघाशी हळदीच्या वाटीत वरून काहीतरी पांढरं पडलं. "चुना असेल गं," म्हणत मावशींनी ते बोटाने काढून टाकलं. आता खांबातून पुन्हा तसंच भुरभुरतंय, जरा जास्तच. मला फार भीती वाटतेय हो! ओरडावं तर माझ्याकडे आहे काय? हे नटवं रूप. धाक घालायला मला कुणी शिकवलंच नाही.

कौतुक पुरे झालं माझं. कुणीतरी ती माळ बाजूला सारा, तिच्याखालची ओळ वाचा आणि त्या पोरीला आधी तिथून उठवा.