जुन्याला हात न लावता

"तुझी आई या घरात काठीशिवाय, डोळे मिटून फिरेल! शब्द आहे माझा," असं फोनवर भाचीला ठणकावून कंपाउंडरमामा स्वयंपाकघराकडे वळले आणि चौकटीवर कपाळ आपटून मटकन खाली बसले.

"काय झालं, मामा?"

"काही नाही गं. दार वाजलं."

जन्मापासून ते त्या बुटक्या दारातून वाकून जात आले होते. किती वाकायचं ते मानेला पाठ होतं.

मामांच्या ताईला आता फक्त उजेड आणि सावल्या दिसायच्या. लेकीच्या सातव्या मजल्यावरच्या गुळगुळीत घरात ती दिवसभर खुर्चीला चिकटून बसे. "मला माझ्या घरी नेऊन सोडा, तिथे मला डोळे लागत नाहीत," हा एकच धोशा. शेवटी भाचीनं अट घातली: रविवारी आईनं घरभर एकटीनं फिरून दाखवायचं, एकदा जरी धडपडली तरी परत. म्हणून मामांनी गळकं, पोपडे आलेलं घर दुरुस्तीला काढलं होतं.

"अरे शहाण्या, काय करून ठेवलंस हे?" टेंगूळ चोळत मामा गवंड्यावर ओरडले.

"नवी फरशी! काल तुम्ही बाजारात होतात ना, तेवढ्यात उरकली."

"जुन्याला हात लावू नको म्हणालो होतो ना?"

"लावला कुठे? जुनी खाली आहे तशी आहे. मी वरून घातली."

जमीन दोन बोटं वर आली होती. चौकट बिचारी जागच्या जागी.

"ताईंना सांगा की, दोन बोटं जास्त वाका."

"तिला? तिनं आजवर कुणाचं ऐकलंय?"

"मग चौकट वर घेतो."

"तू आता काहीही वर घेऊ नकोस!"

गवंड्यानं स्वतःचीच फरशी सुतकी चेहऱ्यानं उखडली. खालून जुने दगड निघाले, आणि ओट्यापुढे उभं राहून राहून पायांनी पाडलेला तो खळगाही.

रविवारी ताई आली. काठी लेकीच्या हातात कोंबून सरळ आत निघाली. भाची मागोमाग, हात पुढे करून, झेल घ्यायला उभी असल्यासारखी. बुटकं दार आलं. ताई वाकली. नेमकी तेवढीच. पलीकडे गेली, पायानं खळगा चाचपला आणि त्यात टाच रोवून उभी राहिली.

"ठोंब्या, श्वास घे आता. मघापासून रोखून धरलायस, ऐकू येतंय मला."

मामांचा जीव भांड्यात पडला. भाचीनं बॅग खाली ठेवली, डोळे पुसले. "राहा बाई इथेच. पण रोज फोन करायचा."

"तू कर. मला कामं असतात," ताई म्हणाली.

गवंडी कोपऱ्यात छाती फुगवून उभा होता, जणू तो खळगा त्यानंच घडवला होता.

ताई हात धुवायला वळली. या घरातला नळ पहिल्यापासून उलटा उघडायचा. तिनं सवयीनं उलटाच पिळला. पण दुरुस्तीत बसवलेला हा नळ नवा होता, सरळ उघडणारा. तो हातात आला. तो बसवणारा प्लंबर गावाला गेला होता.