भिंतीपलीकडचं वायफाय

फकीर मोहम्मद गाद्या भरायचे. जळगाव जामोदपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या गावांत ते आधी सायकलवर फिरले आणि पुढे कापूस पिंजायचं मशीन छोट्या टेम्पोत घालून. त्यांची हाक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की बायका जुन्या गाद्या अंगणात काढून ठेवायच्या. त्याच गळ्याला कॅन्सर झाला. अकोल्याला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, गळ्याच्या खालच्या अंगाला श्वासासाठी एक भोक राहिलं आणि ते घरी आले. आवाज कायमचा गेला होता.

त्यांची एकुलती एक मुलगी आसमा कुवेतला नर्स होती. ऑपरेशनच्या वेळी ती येऊन गेली, आईला जखम कशी पुसायची, भोकातली नळी कशी धुवायची ते शिकवून गेली. पुढची रजा आता वर्षाने मिळणार होती. ती रोज फोन करायची. साधा फोन लागायचा, पण त्याचा उपयोग काय? वडिलांना बोलता येत नव्हतं. आई चांदबी म्हणायची, "बरे आहेत, जेवले," आणि आसमा तिकडून विचारत राहायची, "जखम कशी दिसते? लाल आहे का? पाणी येतं का?" चांदबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती म्हणायची, "ठीकच दिसते, बेटी."

गावात मोबाइलवर इंटरनेट चालतच नसे. डोंगराच्या आडोशामुळे बोलण्यापुरती रेंज यायची, तीही गच्चीवर, अंगणात किंवा रस्त्यावर. सबंध गल्लीत इंटरनेट होतं ते फक्त शेजारच्या संजीवनीच्या टेबलावर.

संजीवनी देऊळगाव राजाची. लग्न होऊन या गावात आली तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं काम सोबत घेऊन आली. दवाखान्यांचे जुने केसपेपर वाचून ते कॉम्प्युटरवर चढवायचे, असं ते काम. लॅपटॉप कंपनीचा होता. ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या लाइनवरून कंपनीनेच तिच्या नावे एक वायर घरापर्यंत ओढून घेतली होती, आणि ती वायर थेट लॅपटॉपला जोडलेली असायची. गल्लीतल्या दोघातिघांनी आपल्यालाही कनेक्शन हवं म्हणून विचारून पाहिलं, तर लाइनवाला म्हणाला, जागा शिल्लक नाही, वरून मंजुरी यायला हवी. ती कधी आलीच नाही.

लॅपटॉपमध्ये येणारं इंटरनेट लॅपटॉपच पुढे वायफाय करून वाटू शकतो, हे संजीवनीला सेटिंगमध्ये दुसरंच काही शोधताना दिसलं. एक बटण सरकवायचं, नाव आणि पासवर्ड ठरवायचा, की झालं. तिने आपला मोबाइल जोडून पाहिला. लागलीच मेसेज धडाधड येऊन पडायला लागले. त्या दुपारी जेवायच्या सुट्टीत ती शेजारी गेली आणि फकीरचाचांचा मोबाइल मागून घेतला.

"काय करून राह्यली बेटी?" चांदबीने विचारलं.

"आसमा दिसते का बघू, चाची."

दोन्ही घरांची मधली भिंत एकच होती. संजीवनीचं टेबल भिंतीच्या या बाजूला होतं. पलीकडे चाचांची खाट तिने भिंतीला लावली, कारण दाराकडे गेलं की वायफाय तुटायचं. व्हिडिओ कॉल लागला. पांढऱ्या कोटातली आसमा पडद्यावर आली आणि वडिलांना बघून तिने चेहरा पडद्याजवळ आणला. फकीरचाचांनी हात वर केला, ओठ हलवले. आवाज नव्हता, पण ओठांवर तिचं नाव सरळ वाचता येत होतं.

मग रोजचं ठरून गेलं. जेवायच्या सुट्टीत संजीवनी बटण सुरू करायची. लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवावं लागायचं, मिटलं की वायफाय बंद. ती ताट घेऊन तिथेच बसायची आणि भिंतीपलीकडून आसमाचा आवाज ऐकायची. "अब्बा, थोडं उजेडाकडे वळा. आई, मोबाइल जवळ धर. अजून जवळ. हं, कडेला लाल आहे, ते मलम दोन वेळा लाव." एकदा भोकाच्या कडेला पिवळसर काहीतरी दिसलं, तर आसमाने त्याच दिवशी गोळ्या सुरू करायला लावल्या आणि ते बरं झालं. तपासून झालं की बापलेक नुसते एकमेकांना बघत बसायचे. चाचा तिला दाखवायला काहीतरी उचलून आणायचे. परसातलं वांगं, शिवून झालेली उशी, दाढी केलेला आपला गाल. संजीवनीचा नवरा हरिओम हसून म्हणायचा, "चाचा आता आपल्यापेक्षा जास्त बोलून राह्यले."

हिवाळा असा गेला.

होळीच्या सुमारास कंपनीतून काजल मॅडमचा फोन आला. संजीवनीच्या कामावर त्यांची देखरेख असायची. संजीवनी गच्चीवर जाऊन बोलली.

"तुझ्या लॅपटॉपवरून दुसरे मोबाइल जोडले जातायत," काजल मॅडम म्हणाल्या. "तपासणीत आलंय. त्यात पेशंटचे कागद असतात, संजीवनी. हे चालत नाही, तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं."

"मॅडम, शेजारी एक आजारी माणूस आहे. त्यांची मुलगी नर्स आहे, ती फक्त जखम बघते. थोडाच वेळ लागतो."

"मला कळतं गं. पण मी वर काय सांगू? पुन्हा दिसलं तर लॅपटॉप तिकडूनच लॉक होईल. मग माझ्या हातात काही राहत नाही."

हरिओमचं खतांचं दुकान नुकतंच बंद पडलं होतं. घर संजीवनीच्याच कामावर चाललं होतं. तिने त्याला सगळं सांगितलं.

"मग काय करतं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? बंद कर. मी नेत जाईन चाचाले गाडीवर, जळगाव जामोदले रेंज भेटते."

ती शेजारी गेली आणि चांदबीला सगळं सांगितलं. चांदबीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नोकरी सांभाळ, बेटी. तुनं इतकं केलं, थेच लय झालं." फकीरचाचांनी दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. त्यांना जणू आपणच काही मागितल्याची लाज वाटत होती.

हरिओमने शब्द पाळला. गमछा गळ्याभोवती नीट गुंडाळून त्याने चाचांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि जळगाव जामोदला नेलं. स्टँडजवळ एका हॉटेलात बसून कॉल लावला. पण रस्त्याचं काम चालू होतं, सगळीकडे धूळ. चाचांच्या गळ्यातल्या उघड्या भोकातून ती आत गेली. घरी आल्यावर ते खोकत राहिले, खोकल्याला आवाज नव्हता, नुसती हवा फसफसायची आणि अंग हलायचं. पुन्हा एकदा नेलं, तेव्हा वाटेत दम लागून त्यांना झाडाखाली झोपवावं लागलं. त्यानंतर चांदबीच नको म्हणाली.

आसमाचा साधा फोन चालूच होता. "आई, जखम कशी आहे?"

"सुकून राह्यली."

"नक्की?"

"हाव, बेटी. तू काळजी नको करू."

संजीवनी भिंतीच्या अलीकडे काम करत राहिली. कानाला हेडफोन लावायची तिला सवय झाली. केसपेपरांत कितीतरी गळे असायचे, फुप्फुसं, पोटं. ती वाचायची, टाइप करायची आणि पुढचा कागद उघडायची. शेजारी जाणं कमी झालं. गेलीच तर ओसरीवर उभ्या उभ्या बोलून यायची. गेल्यावर चाचा मोबाइलकडे बघतील आणि मग नजर चोरतील, हे तिला सहन होत नसे.

उन्हं तापली तेव्हा एका दुपारी सांडग्यांची वाटी घेऊन ती गेली. फकीरचाचा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा अर्धा झाला होता. एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती गमछा घट्ट होता.

"चाचा, काढा की तो. किती गरम होतंय."

त्यांनी मान हलवली. नाही.

"कवाचा सोडतच नाहीत," चांदबी म्हणाली. "जखमही सोताच पुसतात आता. मले हात लावू देत नाहीत. जेवणही जात नाही."

संजीवनीने वाटी तिथेच ठेवली. ती घरी गेली, लॅपटॉप उघडला आणि बटण सरकवलं. मग परत येऊन चाचांच्या मोबाइलवरून आसमाला व्हिडिओ कॉल लावला. कॉल लागेपर्यंत तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

आसमा दिसली. तिला आनंद झाला, मग लगेच तिचा चेहरा बदलला. "अब्बा, गमछा निकालो."

चाचांनी मान फिरवली.

"अब्बा. निकालो."

शेवटी चांदबीनेच तो सोडला. मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याखाली, गाठ आली होती. लिंबापेक्षा मोठी. तिच्यावरची कातडी ताणून चकाकत होती. संजीवनीच्या तोंडून काहीतरी निघालं. चांदबी विचारू लागली, "काय आहे? मले नीट दिसत नाही, काय आहे सांगा ना कोणी."

आसमा रडली नाही. ती नर्ससारखी बोलली. "संजीवनी, बोट लाव. हळू. हलते का?"

"नाही."

"कडक आहे?"

"कडक आहे."

"अब्बा, कधीपासून?"

फकीरचाचांनी हवेत हात फिरवला, खूप दिवसांपासून. मग मुलीकडे बोट दाखवलं, हाताने विमान उडवलं, आणि दोन्ही तळवे आडवे हलवले. तू येऊ शकत नव्हतीस, मग सांगून काय करायचं, असं ते म्हणत होते. आसमाने मोबाइल कुठेतरी पालथा ठेवला. पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या पडद्यातून तिचं रडणं येऊ लागलं.

अकोल्याला हरिओम आणि संजीवनीच घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बाहेर येऊन सांगितलं की आता वेदना कमी करण्याइतकंच करता येईल. संजीवनी त्यांच्या मागे मागे गेली.

"सर, महिन्याभरापूर्वी आणलं असतं तर?"

डॉक्टर थांबले. "आता त्याचा विचार करू नका," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

परत आल्यावर तिने बटण बंद करायचं सोडून दिलं. हरिओमला ते दिसत होतं, त्यानेही ते बंद केलं नाही. काम चालू असतानाही शेजारचा मोबाइल जोडलेला असायचा. आसमा ड्यूटीच्या अधेमधे येऊन वडिलांकडे बघून जायची. तिने रजेचा अर्ज टाकला होता. वॉर्डात माणसं कमी होती, उत्तर येत नव्हतं. चाचा बहुतेक वेळ डोळे मिटून असायचे.

एका सकाळी संजीवनीने लॅपटॉप सुरू केला तर पासवर्ड घेईना. पडद्यावर कंपनीशी संपर्क साधा एवढंच लिहून आलं. काजल मॅडमनी फोन उचलला. "मी म्हटलं होतं गं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आठवडा उलटायच्या आत कुरिअरवाला लॅपटॉप घेऊन गेला आणि लाइनवाल्याने येऊन वायर कापली.

त्यानंतर पुन्हा साधा फोन राहिला. खाट अंगणात काढून चांदबी मोबाइल नवऱ्याच्या कानाशी धरायची आणि आसमा बोलत राहायची. लहानपणी टेम्पोत कापसावर बसून बापासोबत गावं फिरली होती, त्याबद्दल. कुठल्या गावात कोणी काय खायला दिलं, त्याबद्दल. पलीकडून तिला कळायचं नाही की अब्बा ऐकतायत की झोपलेत. "ऐकून राह्यले," चांदबी सांगायची. पुष्कळदा ते खरं नसायचं.

फकीर मोहम्मद गेले ते सकाळी, चांदबी चहा करत असताना. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. गर्मी फार, थांबणं शक्य नव्हतं. कब्रस्तानात आजूबाजूच्या गावांतून इतकी माणसं आली की मौलवींना नवल वाटलं. हरिओमने मोबाइलवर फोटो काढले, पण ते पाठवायला त्याला संध्याकाळी जळगाव जामोदला जावं लागलं.

आसमाची रजा मंजूर झाली ती त्यानंतर पंधरवड्याने. ती आली तेव्हा संजीवनी तिच्यासमोर जायला घाबरत होती. तिसऱ्या दिवशी आसमाच तिच्या घरी आली आणि मोकळ्या टेबलाशी बसली.

"मी बंद केलं होतं, आसमा," संजीवनी म्हणाली. "चालू ठेवलं असतं तर तुला लवकर दिसलं असतं."

"दिसलं असतं," आसमा म्हणाली. तिने नाही म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आईच्या आवाजावरून मले समजत होतं का काहीतरी बिघडलं. मी विचारलं नाही जास्त. विचारलं असतं तं यावं लागलं असतं."

संजीवनीने चहा केला. तो दोघींनीही अर्धाच प्यायला.

आसमाने आईला कुवेतला नेण्याची चौकशी केली होती, ते जमणारं नव्हतं. चांदबीही घर सोडायला तयार नव्हती. रजा संपली, आसमा बसने गेली. तिकडून ती रोज फोन करते आणि चांदबी रोज तिला सांगते की सगळं ठीक आहे.

हरिओम आता नांदुऱ्याला एका गोदामात कामाला जातो. संजीवनीने दोन-तीन ठिकाणी अर्ज केले, पण आधीच्या कंपनीने का काढलं, हा प्रश्न येतो आणि तिथेच बोलणं संपतं. संध्याकाळी ती शेजारी जाऊन बसते. चांदबी कधी बोलते, कधी नाही. मग स्वयंपाकाची वेळ होते आणि संजीवनी उठून घरी येते.