नागपूरचा अँटेना

लग्नाच्या अकराव्या दिवशी बाबारावने मला पहिल्यांदा मारलं. वरणात हिंग कमी पडला होता. नवऱ्याचं नाव घेऊन, तेही एकेरीत बोलते आहे, हे कुणाला खटकलं तर खुशाल खटकू दे. तोंडावर मी त्याला सात वर्षं अहो-जाहो केलं. आता मागे तरी मनासारखं बोलते.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही जबलपूरला रांझीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे अंगण, वर मोकळं छत आणि छताच्या मागच्या कठड्यापलीकडे, हात लांब केला तर पोचेल की काय असं वाटावं इतकी जवळ, विजेची मोठी लाइन. बाबाराव फॅक्टरीत फिटर होता. घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि त्याची आई, सत्यभामाबाई. सासूबाई तशा वाईट नव्हत्या. पण लेकाने मला मारायला सुरुवात केली की त्या उठून अंगणात जायच्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. मला माराचा जितका राग यायचा त्याहून जास्त त्या भांड्यांच्या आवाजाचा यायचा.

आदल्या वर्षी मला चौथा महिना होता. चहा गार झाला म्हणून त्याने लाथ घातली, ती पोटात बसली. पोर गेलं. दवाखान्यात सासूबाईंनी सांगितलं, पोरगी नळावर घसरली. मीही मान हलवली. मान हलवल्याची लाज मला अजून वाटते.

त्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. तिसरा लागला होता. बाबारावला सांगितलं नाही, कारण मागच्या वेळी त्याला माहीतच होतं आणि काही उपयोग झाला नव्हता. फक्त सासूबाईंना कळलं होतं. त्या नळावरून पाणी स्वतः आणू लागल्या. मला मात्र उठता-बसता एकच धास्ती होती. हे पोर या माणसाच्या पायापासून वाचवायचं कसं?

दिवाळीत टीव्ही घ्यायचं ठरलं. आम्ही तिघं नेपियर टाउनमधल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने टीव्ही खोक्यात घातला आणि म्हणाला, "अँटेना भी ले लीजिए, यहाँ के चैनल का है।" बाबाराव हसला. म्हणाला, अँटेना नागपूरहून येतो आहे.

हे आमच्या इथल्या मराठी लोकांचं खूळ बाहेरच्याला कळायचं नाही. तीन पिढ्या जबलपुरात गेल्या, पोरं आपसात हिंदी बोलतात, तरी घरात चांगलं म्हणायचं ते नागपूरचं. तिखट नागपूरचं, ज्योतिषी नागपूरचा, दाताचा डॉक्टरसुद्धा नागपूरचा. मी पडले जबलपूरजवळच्या सिहोऱ्याची. माझे वडील तिथल्या मंडीत अडत्याचं काम करायचे. त्यामुळे सासरी मी पहिल्या दिवसापासून "इथला माल" होते. बाबाराव हे हसत हसत म्हणायचा. मारतानाही म्हणायचा.

तर नागपूरच्या नणंदेने तिच्या छतावरचा जुना अँटेना गादीत बांधून रेल्वेने पाठवला. लांब नळी, तिच्यावर आडव्या दांड्या. बाबाराव तो घेऊन तार जोडून घ्यायला पुन्हा त्याच दुकानात गेला, मला आणि आईलाही सोबत नेलं. नागपूरची वस्तू आम्ही बघायला नको का! दुकानदाराने दांड्यांवरून बोट फिरवलं.

"भैया, ये नागपुर के चैनल के नाप का है। यहाँ का चैनल दूसरा, तो डंडी का नाप भी दूसरा। तस्वीर ठीक नहीं आएगी।"

"मतलब नागपुर का माल खराब है?"

"खराब नहीं भैया, वहाँ के लिए अच्छा है।"

बाबारावने काउंटरवरून हात घालून त्याची कॉलर धरली आणि डोकं फळीवर आपटलं. लोकांनी सोडवलं. दुकानदार भला माणूस. नाकातलं रक्त पुसत त्याने तार जोडून दिली आणि बाबारावकडे न बघता आम्हा दोघींना म्हणाला, "बहनजी, बिजली कड़के तो टीवी से दूर रहना। ऊपर की बिजली इसी तार से सीधी अंदर आती है।"

पुढच्या रविवारी बाबारावने फोरमन साहेबांना बायको-मुलांसकट संध्याकाळच्या सिनेमाला बोलावून ठेवलं. पाच वाजता. चिवडा, लाडू, सगळं मी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. राहिलं होतं ते फक्त चित्र.

ज्यांनी तेव्हा अँटेना लावला त्यांना ठाऊक आहे, हे एकट्याचं काम नाही. एक जण छतावर नळी धरून फिरवतो, एक जण आत टीव्हीसमोर बसून आलं-गेलं सांगतो. आमची टीव्हीची खोली मागची. तिथली हाक छतावर जात नसे. म्हणून मधे, अंगणात, सासूबाई. मी आतून सांगायचं, त्यांनी ते मान वर करून लेकाला सांगायचं.

सकाळी नऊपासून सुरू झालं. मी म्हणायची, "नाही." सासूबाई ओरडायच्या, "नाही रे!" पडद्यावर नुसत्या मुंग्या. मधेच एखादा चेहरा यायचा, वाकडा व्हायचा, जायचा. मी "आलं" म्हणेपर्यंत गेलेला असायचा. दोनदा असं झालं आणि वरून पक्कड आली. मी दारात आले होते. ती माझ्या गळ्याखालच्या हाडावर लागली. हाड मोडलं नाही, पण हात वर उचलेना.

बारा वाजता तो खाली आला. पाणी प्यायला आणि मग गडवा माझ्या तोंडावर मारला. ओठ फुटला.

"डोळे आहे का भोकं? नीट सांगता येत नाही तुले?"

"येत नाही तर काय सांगू? त्या दुकानदाराने म्हटलंच होतं..."

ते वाक्य मी बोलायला नको होतं. त्याने केस धरून मला टीव्हीपर्यंत ओढत नेलं आणि माझं तोंड काचेवर दाबलं. "पाह्य! नीट पाह्य! नागपूरचा अँटेना आहे तो. खराबी इथल्या मालात आहे. पाच वाजता साहेब येऊन राहिले. चित्र नाही दिसलं ना, तर आज तुले जित्ती ठेवत नाही."

बाहेर भांड्यांचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होते. आला नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि माझ्या पोटाकडे बघत होत्या.

दुपारी त्याने नळीला दुसरी नळी जोडली. उंची दुप्पट झाली. जोडताना कापलेला हातभर तुकडा त्याने अंगणात फेकला. मग पुन्हा सुरू. आता नळी जड झाली होती, वाऱ्याने डोलत होती. तो ती छातीशी धरून एकेक पाऊल सरकत होता. नजर वर, दांड्यांकडे. लाइन त्याच्या पाठीशी होती.

साडेचारला चित्र आलं. आलं म्हणजे चक्क आलं. एक बाई बातम्या सांगत होती आणि तिच्या कानातले मोतीसुद्धा दिसत होते. मला रडूच आलं. पोर वाचलं, हेच डोक्यात आलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आलं! आलं! बास, हलवू नका!"

अंगणातून सासूबाईंचा आवाज आला, "नाही आलं रे बाबा. अजून मागं सरक."

म्हाताऱ्या बाईला ऐकू आलं नसेल, असं वाटलं. मी पुन्हा ओरडले. "आलं हो! एकदम साफ!"

"नाही म्हणते ती. अजून मागं घे. थोडं अजून."

आणि मग तोच आवाज, पण माझ्यासाठी. "अंजनी, बाहेर ये. टीव्हीजवळ बसू नको. इकडे ये माझ्यापाशी."

मी बाहेर आले. सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या. मी वर पाहिलं. बाबाराव मागच्या कठड्याला टेकला होता. नळी मागे कलली होती, तिचं टोक वाऱ्यावर हलत होतं आणि टोक अन् लाइन यांच्यात फार तर वीतभर जागा उरली होती.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझं मनगट धरलं. 

"तू काही पाह्यलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग मान वर करून, लहान पोराला घास भरवताना बोलतात तशा मायेने म्हणाल्या, "अजून जरासं, बाबा. आलंच आता."

मला सगळं कळलं होतं. खोटं कशाला बोलू? एक श्वासभर मी गप्प राहिले. त्या एका श्वासात मी सिहोऱ्याचं घर पाहिलं, पाळणा पाहिला, सात वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. तो मरावा असं मला मनापासून वाटत होतं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "तार! मागे तार आहे! थांबा!"

का ओरडले? दया आली म्हणून नाही. प्रेम तर नव्हतंच. समोर माणूस मरतो आहे म्हटल्यावर ओरडायला होतं, एवढंच. त्या ओरडण्याबद्दल मी स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्या आहेत.

तो जागच्या जागी थिजला. हळूहळू मान मागे वळवली. मग नळी आडवी करून खाली ठेवली आणि जिन्याने उतरला. पांढराफटक पडला होता. अंगणात पाय टेकला आणि रंग परत आला.

पहिला ठोसा मला बसला. मी भिंतीवर आदळून खाली पडले.

"आत बसून मले तारेत ढकलून राहिली होती? रांड! मारायचं होतं मले?"

मी गुडघे पोटाशी घेतले. त्याने पाय उचलला.

"ती नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती तर आलं आलं ओरडत होती. नाही आलं, हे मी म्हणून राहिली होती."

पाय हवेतच राहिला. "तू? तुले वरची तार नाही दिसली?"

"दिसली. म्हणूनच मागं सरक म्हटलं."

 त्याला समजत नव्हतं. मग समजलं. त्याने आईच्या तोंडावर मूठ मारली, जशी मला मारायचा तशीच, पूर्ण ताकदीने. ती साठ वर्षांची बाई पाण्याच्या टाक्याच्या काठावर पडली. तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. त्याने दुसऱ्यांदा मूठ उगारली.

नळीचा तुकडा माझ्या हाताशी होता. एका हाताला बळ नव्हतं, म्हणून दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव कोपरावर बसला. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि त्याचा उजवा हात लोंबायला लागला. तो वळला. दुसरा घाव मी त्याच हातावर घातला. तिसरा गुडघ्यावर. तो खाली बसला, मग आडवा झाला आणि ओरडायला लागला. मी नळी त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिले. मला थांबायचं नव्हतं. सासूबाईंनी जमिनीवरून माझ्या साडीचा काठ धरला, तेव्हा मी थांबले.

आत पडद्यावर पुन्हा मुंग्या होत्या, पण सिनेमा सुरू झाल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात फाटक वाजलं. फोरमन साहेब, बायको, दोन मुली, हातात मिठाईचा डबा. साहेबांनी आम्हा तिघांना पाहिलं. माझा फुटलेला ओठ, म्हातारीचं रक्त, माझ्या हातातली नळी.  मग बायकोला म्हणाले, "बच्चियों को बाहर ले जाओ।" बाबारावला त्यांनी ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. जाताना मला एक शब्दही विचारला नाही. त्याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे.

सासूबाईंनी चूळ भरली. मग आत जाऊन माझी पिशवी भरू लागल्या. दोन साड्या, माझं पोलकं, लाडवांचा डबा.

"सिहोऱ्याची बस आठपर्यंत मिळते. तो यायच्या आत निघ. बापाले सांग, बाळंतपण तिकडेच होईल. आन मग परत यायचं नाही. कोणी न्यायले आलं तरी नाही. मी आली तरी नाही."

मी त्यांचे पाय धरले. "तुम्हीही चला. आता तुम्हाला सोडायचा नाही तो. तुम्ही काय करत होता ते कळलंय त्याला."

"मले ठाऊक आहे."

"मग चला ना!"

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, बोलताना ओठातून रक्त येत होतं. तरी त्यांनी तांदळाचा डबा खाली घेतला आणि ताटात मूठभर तांदूळ काढून निवडायला बसल्या.

"मी कशी येऊ, वेडे? उजवा हात मोडला त्याचा. त्याले जेवू कोण घालीन?"