एक अँपिअरचा फ्यूज

रेडिओ लागल्याशिवाय तो कधी हात उचलत नसे.

गाडी त्याच्या वडिलांची. काळी, गोल दिव्यांची, घराखालच्या गॅरेजात उभी. संध्याकाळी कामावरून आल्यावर बायकोचं काही खटकलं, की तो म्हणायचा, "चल खाली." मग शटर ओढायचा, जिन्याच्या दाराला आतून कडी घालायचा, गाडीत वाकून रेडिओ लावायचा आणि आवाजाचं बटण उजवीकडे पिळत न्यायचा. त्यानंतर कमरेचा पट्टा. समोरच्या शिंप्याला दुकानात फक्त गाणी ऐकू येत. "काल पुन्हा मैफल का हो, वहिनी?" असं तो दुसऱ्या दिवशी हसून विचारायचा. ती मान हलवायची. मान दुखत असली तरी.

काल मात्र मैफल अर्धीच राहिली. पट्टा वर गेला आणि रेडिओ एकदम गप्प झाला. तोही थांबला. शटरकडे बघत त्याने पट्टा हळूच परत कमरेला बांधला आणि वर जाऊन आईने वाढलेलं पोटभर जेवला. ती गाडीच्या चाकाला टेकून बसून राहिली. ह्यांना राग आवरत नाही, असं ती इतकी वर्षं स्वतःला समजावत आली होती. राग तर छान आवरत होता. त्याला बटण होतं.

आज त्याने येतानाच फ्यूजची डबी आणली आणि तिच्याकडे फेकली.

"तूच बसव. माझी बोटं जात नाहीत तिथं. रेडिओवाल्याची पोरगी ना तू? एवढं तरी शिकवलं असेल बापाने." शटर खाली आलं. कडी बसली. "आणि मग कालचं राहिलेलं पुरं करू."

ती गाडीत पाठीवर आडवी झाली आणि टॉर्च दातांत धरून डॅशबोर्डखाली हात घातला. फ्यूज ठेवायची नळी वायरीच्या गुंत्यामागे होती. दाबून पिळली तसे तिचे दोन भाग झाले, आणि जळका फ्यूज तळहातावर आला. काच आतून काळी पडली होती.

डबीत तऱ्हेतऱ्हेचे फ्यूज होते. सगळ्यांची काच तेवढीच, लांबीही तीच. फरक फक्त आतल्या तारेचा आणि टोपीवरच्या बारीक आकड्याचा. या रेडिओला पाच अँपिअरचा लागतो. पाचाच्या जागी दहाचा घातलास तर वायर पेटेल, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. कमीचा घातला तर काय, हे कुणी विचारतच नाही. रेडिओ हळू असेतो चालतो. आवाज चढवला की जास्त प्रवाह ओढतो, आणि तार तुटते. पण लगेच नाही. आधी तापते.

तेवढा वेळ मार खावा लागणार होता. फ्यूज बसवलाच नाही तर उद्या तो गाडी कारागिराकडे नेईल. आणि मग तिचा आवाज रस्त्यापर्यंत कधीच जाणार नाही.

"झोपलीस का आत?" त्याने तिच्या नडगीवर लाथ घातली. टॉर्च दातांवर आपटला. तोंडात रक्ताची चव आली. तिने केसाएवढ्या तारेचा, एक अँपिअरचा फ्यूज नळीत सरकवला आणि पिळून बंद केला.

"बरोबरच घातलास ना?"

"लावून बघा की."

रेडिओ लागला. कुणी बाई गुलाबावर पडणाऱ्या किडीबद्दल बोलत होत्या. त्याने बटण पिळलं. बाई ओरडून बोलू लागल्या. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. ती खाली पडली. पट्ट्याचं बक्कल भुवईत घुसलं आणि एका डोळ्यासमोर सगळं लाल झालं. ती ओरडली, पण बाईंच्या औषध फवारणीत ते बुडून गेलं. तार तुटत का नाही? आकडा चुकला का? त्याने तिचे केस धरून डोकं गाडीच्या दारावर आपटलं. बाईंचं बोलणं संपलं, गाणं सुरू झालं, ढोलकीची पहिली थाप पडली.

आणि सगळं गप्प.

त्याचा हात वरच राहिला, कालसारखा. बाहेर शिवणयंत्राची खडखड ऐकू येत होती. तिने छाती फुटेस्तोवर श्वास घेतला.

"मारताहेत मला! वाचवा!"

शिवणयंत्र थांबलं. तो तिच्यावर झेपावला, तोंड दाबलं. तिने त्याचा तळवा दातांनी फाडला. त्याने दुसऱ्या हाताने गळा आवळला.

जिन्याच्या दारावर थाप पडली. "कडी काढ." सासूबाई होत्या.

"आई, वर जा. रेडिओ बिघडलाय नुसता."

"ऐकलं मी."

पावलं जिना चढत गेली. तो हसला. "बघितलंस? तुझ्यासाठी कुणी येत नसतं."

वरची खिडकी धाडकन उघडली. ज्या बाईने या घरात कधी चढा शब्द काढला नव्हता, ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी किंचाळली, "शिंपीदादा! शटर तोडा! माझा मुलगा सुनेला ठार मारतोय!"

तो तिला सोडून गाडीत घुसला आणि बटण पिळू लागला. उजवीकडे, आणखी उजवीकडे, बटण उपटून हातात येईपर्यंत.

शटर पहारीने वाकलं. शिंपी आत शिरला, मागे चारपाच जण. शिंप्याने तिचा चेहरा पाहिला, मग पट्टा, मग रेडिओ. पहारीचं बोथट टोक त्याने तिच्या नवऱ्याच्या पोटात घातलं. तो दुमडून पडला, तसे बाकीचे त्याच्या छातीवर बसले.

मोडक्या शटरखालून वाकून सासूबाई आल्या. मुलाकडे त्यांनी बघितलं नाही. सुनेला काखेत धरून उठवलं, आणि जाताना गाडीतल्या रेडिओकडे बघत थांबल्या.

"ह्याच्या बापाच्या वेळी," त्या म्हणाल्या, "मेला एकदाही बंद पडला नाही."