मनगटावरचा वळसा

पाण्यात उतरायच्या आधीच ताईला मळमळायला लागलं होतं. ओढ्याला वास होताच. धरणाचं दार दोन तासांपुरतं उघडलं होतं आणि पाणी वाटेतला सगळा घाण फेस, फाटक्या पिशव्या, कुणाची तरी एक चप्पल घेऊन धावत होतं. पण तिची खरी मळमळ काठावरच्या खुर्च्यांमुळे होती. पुरातून माणूस कसा ओढून काढायचा हे शिकवायच्या जागी कुणी पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्या मांडतं, याला काय म्हणावं हे तिला पंधरा वर्षं शिकवूनही कळलं नव्हतं.

खुर्च्या मांडल्या होत्या इस्त्रीसाहेबांनी. ते अग्निशमन केंद्राचे प्रमुख. खरं नाव वेगळं होतं, पण चिखलातही ज्याच्या पँटची घडी मोडत नाही त्याला दुसरं काय म्हणणार? तीन दिवसांच्या प्रशिक्षणात साहेब पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आले होते आणि आज फोटोवाल्याला घेऊन आले होते. फेकदोरीच्या पिशव्यांमध्ये, म्हणजे दोरीचं एक टोक हातात ठेवून बुडणाऱ्याकडे फेकायच्या पिशव्यांमध्ये, त्यांनी दोऱ्या गोल गुंडाळून, वर रबर लावून ठेवल्या होत्या. दिसायला छान, आणि फेकली की हवेतच गाठ बसणार. पिशवीत दोरी मुठीमुठीने, कशीही कोंबायची असते, तेव्हाच ती सरळ सुटत जाते. ताईने अकराही पिशव्या उपसून पुन्हा भरल्या होत्या. साहेबांना ते गबाळं वाटलं होतं.

अकरा पिशव्या, अकरा जवान, आणि त्यांत एक ताईचा सख्खा धाकटा भाऊ. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळं केंद्रच तिला ताई म्हणायला लागलं होतं. सकाळी आईचा फोन आला होता. "पूरपथकात त्याचं नाव लागू दे गं. सगळं तुझ्याच हातात आहे ना?"

हातातच होतं, तेच तर दुखणं होतं. ताईच्या सहीशिवाय पथकात नाव लागत नव्हतं, आणि नाव लागलं की पुढच्या पुरात धाकटा खऱ्या पाण्याच्या काठावर उभा राहणार होता. त्याचा नेम अकराजणांत उत्तम होता. खोड एकच होती. हातातलं टोक घट्ट राहावं म्हणून तो दोरीचे दोन वळसे मनगटावर घ्यायचा. ताई तीन दिवस घसा फोडून सांगत होती, "दोरी मुठीत धरायची. ओढ झेपली नाही तर मूठ उघडता येते, मनगट उघडता येत नाही. मूठ सुटली तर एक जातो, वळसा अडकला तर दोघं जातात." धाकटा मान हलवायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

परीक्षा साधी होती. ताई लाइफ जॅकेट घालून वाहत येणार, काठावरच्याने हाक मारून दोरी फेकायची आणि तिला काठाला लावायचं. कुणाचं चुकलंच तर खालच्या वळणावर बंबाचा ड्रायव्हर दुसरी दोरी घेऊन उभा होता. अकराजणांतला तो एकटा कालच पास झाला होता.

नऊजण झाले. प्रत्येक खेपेला ताईच्या तोंडात थोडं पाणी जायचं आणि ती थुंकत काठावर यायची. मग धाकट्याची पाळी आली. त्याने हाक मारली, पिशवी सुटली आणि दोरी अगदी तिच्या छातीवर येऊन पडली. काठावर टाळ्या वाजल्या. ताईने दोरी धरली, मान वर केली आणि तिला त्याचं मनगट दिसलं.

दोन वळसे. दोरी ताणायला लागली होती आणि त्याच्या टाचा ओल्या गवतावरून सरकायला लागल्या होत्या.

तिने दोरी सोडून दिली.

ड्रायव्हरने तिला खाली बाहेर काढलं. ती चालत वर येईपर्यंत साहेबांनी निकाल लावून टाकला होता. "दोरी तर पोचली. ताईंचा हात सुटला, त्याला तो काय करणार? पास लिहू. प्रमाणपत्रं छापून झालीत."

ताईने भावाकडे पाहिलं. हात सुटला नव्हता हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने बाही खाली ओढली. तिला त्याची किळस आली. लहानपणी याच पोराचं नाक पुसलं होतं तिने, तेव्हा आली नव्हती अशी किळस.

"ठीक आहे," ती म्हणाली. "साहेब, एक फेक राहिलीय. आता तो पाण्यात उतरेल आणि मी दोरी टाकेन. त्याच्याच पद्धतीने."

तिने धाकट्याची दोरी उचलली. सगळ्यांना दिसेल असे सावकाश दोन वळसे मनगटावर घेतले आणि काठाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

धाकटा जॅकेटचे पट्टे आवळत पाण्यापर्यंत गेला. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि तो थांबला. पाण्याकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे.

"ताई, वळसे काढ."

"का? पकड घट्ट बसते."

"तू ओढली जाशील."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. धाकट्याने बाही वर केली. मनगटावर दोन लाल वळ उठले होते.

"साहेब, तिचा हात सुटला नव्हता," तो म्हणाला. "तिने सोडली. माझ्यासाठी. नापास लिहा."

साहेबांनी हातातल्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "अरे, पण नाव छापलंय," ते म्हणाले. "निदान एक फोटो तरी काढून घेऊ."

ताईने मनगटावरचे वळसे सोडवले, मुठीमुठीने दोरी पिशवीत कोंबली आणि साहेबांच्या चकचकीत बुटांच्या शेजारी थुंकली. तोंडातली चव काही जात नव्हती. धाकट्याने दुसरी पिशवी उचलली आणि तिच्या शेजारी बसून तशीच, मुठीमुठीने, भरायला घेतली.